लाइव्हस्टॉक, पशुधन आणि जित्राब

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कोणत्याही संस्थेचे जुने दप्तर उघडले, की ताळेबंदाच्या पाठोपाठ एक लांबट नोंदवही हाती येते. तिच्यावर ‘डेडस्टॉक रजिस्टर’ असे लिहिलेले असते. मंदिराचा ट्रस्ट असो, शाळा असो वा ग्रामपंचायत, ही वही सर्वत्र असते. कपाटे, पाट, सतरंज्या, समया, पंगतीची पातेली, भिंतीवरचे घड्याळ अशी सर्व मंडळी तिच्यात क्रमांक घेऊन बसलेली असतात. सरकारी मराठीत या वहीला ‘जडवस्तू नोंदवही’ म्हणतात. जैन वाचकाला हे भाषांतर मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही जवळचे वाटावे. जीव आणि अजीव ही आपल्या सात तत्त्वांतील पहिली दोन तत्त्वे, आणि ही वही म्हणजे अजीवाचे खाते.

मात्र ‘डेडस्टॉक’ हा शब्द एकट्याने जन्मलेला नाही. त्याचा जोडीदार ‘लाइव्हस्टॉक’. इंग्लंडातील शेतकरी शेती मोडून निघाला, की त्याच्या मालमत्तेचा लिलाव होई आणि त्या लिलावाच्या जाहिरातीत ‘लाइव्ह अँड डेड स्टॉक’ असे शब्द छापले जात. गायी, घोडे, मेंढ्या हा जिवंत साठा. नांगर, गाड्या, अवजारे हा निर्जीव साठा. दोन्हींवर एकाच हातोड्याने बोली लागे. म्हणजे या जोडशब्दातील ‘लाइव्ह’ हे विशेषण जनावराचा गौरव करण्यासाठी आलेले नाही. नांगरापासून बैल वेगळा ओळखता यावा एवढ्यासाठी ते लावलेले आहे. मुख्य शब्द ‘स्टॉक’. जीव हे त्याचे केवळ विशेषण.

या ‘स्टॉक’ची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झाडाचा बुंधा किंवा ओंडका. आपल्याकडे ज्याला ‘खुंट’ म्हणतात तोच हा. आंब्याचे कलम बांधताना खालच्या रोपट्याला आपण खुंट म्हणतो, इंग्रज माळी आजही त्याला स्टॉकच म्हणतो. बुंध्यापासून फांद्या फुटतात म्हणून ‘स्टॉक’ म्हणजे वंश, घराणे. बुंधा हा फांद्यांचा आधार म्हणून ‘स्टॉक’ म्हणजे मूळ ठेव, साठा, भांडवल. आणि भांडवलाचे वाटे पडले म्हणून ‘स्टॉक’ म्हणजे शेअर. अर्थांचा नेमका क्रम कसा लागला याविषयी कोशकार निरनिराळे बोलतात, पण आरंभ लाकडापासून झाला हे सर्वांना मान्य आहे. मराठीत खुंटाला कलम बांधतात आणि खुंट्याला जनावर बांधतात. इंग्रजीने मात्र जनावरालाच खुंट म्हणून टाकले.

इंग्रजीतील दुसरा शब्द ‘कॅटल’. आज त्याचा अर्थ गुरेढोरे एवढाच राहिला आहे, परंतु मुळात तो मालमत्तेचा शब्द आहे. लॅटिन भाषेत ‘कापुट’ म्हणजे डोके. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कापिताले’, म्हणजे मुख्य मालमत्ता, आणि तिच्यापासून फ्रेंच बोलींमार्गे इंग्रजीत तीन शब्द उतरले : कॅपिटल, चॅटल आणि कॅटल. भांडवल, जंगम मालमत्ता आणि गुरे ही तीन सख्खी भावंडे होत. यांतील ‘चॅटल’ या शब्दाकडे पुन्हा वळावे लागणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

यावरून एखाद्यास वाटेल, की जनावरात पैसा पाहणे ही पाश्चात्त्यांची रीत. तसे म्हणता येत नाही. आपला ‘पशु’ हा संस्कृत शब्द आणि लॅटिनमधील ‘पेकु’ हे एकाच प्राचीन मुळाचे फुटवे आहेत. ‘पेकु’वरून रोमन लोकांनी पैशासाठी ‘पेकुनिया’ हा शब्द घडविला. जर्मन भाषेत गुरांना ‘फी’ म्हणतात तो शब्द याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीतील त्याच्या भावंडाचा अर्थ गुरे असाही होता आणि पैसा असाही. मुलांच्या शाळेत आपण जी फी भरतो तिच्यात त्या जुन्या शब्दाचा अंश मिसळला आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे यास्काचार्यांनी मात्र निरुक्तात ‘पशु’ शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला. पाहतो तो पशु. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्राला हे मान्य नाही, आणि शास्त्र म्हणून ते मान्य करण्याचे कारणही नाही. तरीही गोठ्यात शिरताच सगळ्या माना ज्याच्याकडे वळतात, त्याला यास्कांचे म्हणणे अगदीच परके वाटणार नाही.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. गुजरातेतील पशुपालकांना ‘मालधारी’ म्हणतात. माल बाळगणारा तो मालधारी, आणि त्याचा माल म्हणजे त्याची गुरे. आपल्यातील अनेक घरांची सोयरीक चिक्कोडी-बेळगावकडे आहे. त्या घरांतील सुनांना विचारावे. कन्नडमध्ये गुरांना ‘दन’ म्हणतात आणि गुरावासरांना मिळून ‘दनकरु’. हा ‘दन’ म्हणजे संस्कृत ‘धन’च. मराठीत आपण धनापूर्वी ‘पशु’ किंवा ‘गो’ असा शब्द जोडतो. कन्नड शेतकऱ्याला तेवढीही गरज भासली नाही. नुसते धन म्हटले की गुरेच डोळ्यांपुढे यावीत असा तो काळ होता.

आता आपल्या आचार्यांकडे वळू. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. परिग्रहपरिमाण व्रतात श्रावकाने कशाकशाची मर्यादा ओलांडू नये याची यादी तेथे येते. शेत, घर, रुपे, सोने, धन, धान्य, दासी, दास आणि कापडचोपडादी वस्तू. सोने आणि रुपे स्वतंत्रपणे सांगून झाल्यावर हे वेगळे ‘धन’ ते कोणते, असा प्रश्न कोणालाही पडेल. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात होऊन गेलेल्या पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचे उत्तर दोनच शब्दांत दिले आहे : धन म्हणजे गायी वगैरे. पूज्यपाद स्वतः वैयाकरण होते, जैनेंद्र व्याकरण त्यांच्या नावावर आहे. ते शब्द सैल वापरणारे नव्हेत. तेव्हा ‘पशुधन’ हा शब्द इंग्रजी अमदानीत ‘लाइव्हस्टॉक’च्या भाषांतरासाठी प्रचारात आला असला, तरी त्यामागील कल्पना आपल्या घरात इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून नांदत होती.

श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. त्याच्या चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत होत्या, चार कोटी व्याजात आणि चार कोटी घरसंसारात. त्यानंतर त्याच्या गुरांचा हिशेब येतो, आणि तो एकेका गायीने होत नाही. तेथे ‘व्रज’ हे एकक आहे. दहा हजार गुरांचा एक व्रज, असे चार व्रज. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना आनंदाने याहून अधिक गुरे बाळगणार नाही असा नियम केला. चाळीस हजार गुरांवर थांबणे ही कसली मर्यादा, असे आजच्या चार म्हशींच्या गोठ्यातून वाटणे साहजिक आहे. परंतु मर्यादा आकड्यात नसते, थांबण्यात असते, हे त्या कथेला सांगावयाचे आहे.

येथवर एक खाते झाले. याच सातव्या अध्यायात चार पाने अलीकडे दुसरे खाते आहे, ते अहिंसाणुव्रताचे. त्याचे पाच अतिचार आपल्या घराघरांत मुखोद्गत असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. करकचून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. हे पाचही अतिचार नीट वाचले तर ध्यानात येते, की ते प्रामुख्याने गोठ्यात घडणारे आहेत. रानातल्या वाघाला कोणी दाव्याने बांधत नाही, की त्याच्या पाठीवर ओझे टाकत नाही. आचार्यांच्या डोळ्यांसमोर जो श्रावक होता तो बैल जुंपणारा, गाय बांधणारा, वेसण टोचणारा गृहस्थ होता. आपल्यासारखाच.

तेव्हा एकाच जनावराची नोंद दोन खात्यांत होते. परिग्रहाच्या खात्यात ते धन आहे. अहिंसेच्या खात्यात तेच जीव आहे. एका खात्यात विचारले जाते, ‘किती आहेत?’ दुसऱ्यात विचारले जाते, ‘कशी आहेत?’ ‘लाइव्हस्टॉक’ या इंग्रजी जोडशब्दाची दोन पदे जणू आपल्या शास्त्राने सुटी केली आणि त्यातील विशेषणाला स्वतंत्र पान दिले.

त्या दुसऱ्या पानावर जनावराचे नाव ‘तिर्यंच’ असे आहे. ‘तिरस्’ म्हणजे आडवे आणि ‘अञ्च्’ म्हणजे जाणे. आडवा चालणारा तो तिर्यंच. मराठीतील ‘तिरका’ याच कुळातला. देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी या चार गतींपैकी ही एक. एकेंद्रिय वनस्पतीपासून हत्तीपर्यंत सर्व तिर्यंचांतच येतात. पण गाय, म्हैस, बैल यांची जागा त्यांत सर्वांत वरच्या पायरीवर, संज्ञी पंचेंद्रियांत आहे. पाचही इंद्रिये आणि शिवाय मन. इंद्रियांच्या हिशेबाने पाहिले तर धनी आणि त्याचा बैल एकाच रकान्यात बसतात. संज्ञी तिर्यंच पाचव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे अणुव्रती श्रावकाच्या पायरीपर्यंत चढू शकतो असे आपले कर्मग्रंथ सांगतात, आणि समवसरणातील बारा सभांपैकी बारावी तिर्यंचांची असते. जो श्रोता म्हणून बसतो त्याला साठा म्हणणे कठीण आहे.

रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात एका म्हाताऱ्या बैलाची कथा येते. पद्मरुची नावाचा श्रेष्ठी वाटेने जात असता त्याला मरणासन्न पडलेला बैल दिसला. तो घोड्यावरून उतरला आणि त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. तो जीव पुढे राजपुत्र होऊन जन्मला. पूर्वजन्माचे स्मरण झाल्यावर त्याने जिनमंदिर बांधविले आणि त्यात त्या प्रसंगाचे चित्र ठेवले, हेतू असा की ते पाहून जो चकित होईल तोच आपला उपकारकर्ता असेल. पुढे पद्मरुचीचा जीव श्रीराम झाला आणि बैलाचा जीव सुग्रीव. कथेचा महिमा बाजूस ठेवून केवळ व्यवहार पाहावा. लिलावात त्या बैलावर कोणी बोली लावली नसती. ‘स्टॉक’ म्हणून त्याची किंमत शून्य होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. कोडोली, वारणानगर आणि वारणेचा काठ हा ऊस आणि दुधाचा मुलूख. गुरांच्या समूहासाठी येथे शब्दांची वाण नाही. एका लांब दोरखंडाला ओळीने दावी लावून बांधलेल्या जनावरांची ती ‘दावण’. एखाद्याची सांपत्तिक स्थिती सांगताना ‘दावणीला किती आहेत?’ असे आजही विचारतात. ‘खिल्लार’ म्हणजे मुळात गुरांचा कळप. त्यावरून पुढे पांढऱ्याशुभ्र, काटक बैलांच्या जातीलाच ते नाव पडले. ‘गोठा’ हा संस्कृत ‘गोष्ठ’चा मराठी अवतार. आणि ‘गोकुळ’ हा शब्द तर कोल्हापूर जिल्ह्यात रोज सकाळी पिशवीवर छापून घरी येतो. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने हे नाव घेतले. आपल्या शेजारच्या वारणा दूध संघाची स्थापना १९६८ ची. ‘गो’ आणि ‘कुल’ मिळून गोकुळ : गायींचा कळप. येथे ‘कुल’ म्हणजे कळपही आणि घराणेही. इंग्रजी ‘स्टॉक’ जसा वंश आणि साठा या दोन्ही अर्थांना पुरतो, तसाच काहीसा हा प्रकार. (महाराष्ट्रात ‘कूळ’ म्हणजे कसणारा असाही अर्थ आहे, आणि १९४८ च्या कूळकायद्याने आपल्यातील कोणाचे काय गेले व कोणास काय मिळाले, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

परंतु या सर्वांहून मला मोलाचा वाटतो तो आपल्या भागातला ‘जित्राब’ हा शब्द. शहरात गेलेली मुले तो गावंढळ समजून टाकून देतात. ‘जित्राब आजारी हाय’, ‘जित्राबाला वैरण टाकली का?’ असे जुनी माणसे बोलतात. ‘जिता’ म्हणजे जिवंत; तोच जीव या शब्दाच्या दाराशी उभा आहे. गायी, म्हशी, बैल, शेळ्या या सर्वांना मिळून एकच नाव, आणि ते त्यांच्या किमतीवरून नव्हे तर जितेपणावरून दिलेले. ‘लाइव्हस्टॉक’ला मराठी शब्द शोधताना कचेरीतल्या पंडितांनी ‘पशुधन’ निवडला. बांधावर येऊन विचारले असते तर ‘जित्राब’ मिळाला असता. शासकीय शब्द आता बदलणार नाही, आणि बदलावा असा माझा आग्रहही नाही. पशुधन विकास अधिकाऱ्याला जित्राब विकास अधिकारी म्हटलेले त्याला स्वतःलाही रुचणार नाही.

शासनाचे मोजमाप धनाच्या खात्यातील आहे, आणि ते आवश्यकही आहे. भारतात १९१९ पासून पशुगणना होत आली आहे. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातील पशुधन सुमारे ५३ कोटी ५८ लाख भरले. कोंबड्यांची संख्या सुमारे ८५ कोटी होती, पण ती निराळी मोजतात. ‘पशुधन’ या शब्दाच्या कुंपणात कोंबडी येत नाही. एकविसाव्या गणनेचे काम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले.

दुसऱ्या खात्याचीही शासनाने अगदीच उपेक्षा केली असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाहावा. मारहाण करणे, अति ओझे लादणे, अवयव तोडणे, अवाजवी काळ बांधून वा कोंडून ठेवणे, मालकाने पुरेसे अन्नपाणी न देणे हे सर्व त्याच्या अकराव्या कलमात गुन्हे ठरविले आहेत. पाच अतिचारांशी ही यादी ताडून पाहिली, तर एकही अतिचार बाहेर राहत नाही. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ साली नियम झाले : दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नको, आणि पारा सदतीस अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये. गळीत हंगामात उसाच्या गाड्या पाहणाऱ्या आपल्या माणसांना हे नियम ठाऊक असावेत. आपली गाडी नसली तरी गाडीतला ऊस आपला असतो.

मघाचा ‘चॅटल’ हा शब्द आता आठवावा. इंग्रजीत गुलामगिरीच्या एका प्रकाराला याच शब्दाने ओळखतात. ज्यात माणूस ही मालकाची जंगम मालमत्ता असते तो प्रकार. आणि उमास्वामींच्या यादीत धन-धान्याच्या लगत दासी-दास आहेत, हेही आपण वाचले. त्या काळच्या गृहस्थाच्या घरी जे होते ते आचार्यांनी मोजले; मोजले ते वाढू नये म्हणून. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीला न्यायालयाचा आधार उरला नाही. आज व्रत घेणारा श्रावक त्या रकान्यावरून नजर फिरवून पुढे जातो, कारण माणूस कोणाचे धन असतो हीच कल्पना आता सहन होत नाही. यादीतील एक शब्द असा गळून पडला. त्याच्या आधीचा शब्द तसाच आहे, आणि शेती करणाऱ्या समाजाला तो सहजासहजी पुसता येणारही नाही.

अडचण तेथेच आहे. दूध हा आपला चालता व्यवसाय, आणि दुधाच्या हिशेबात रेडकू बसत नाही. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर आनंद. रेडा झाला तर घरात कोणी फारसे बोलत नाही. त्याच्या वाट्याचे दूध काढून घेणे याला शास्त्रात कोणता शब्द आहे तो वर आलाच आहे. भाकड म्हशीचेही तेच. नेमिनाथ भगवंतांनी लग्नाच्या वरातीत असताना वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेले प्राणी पाहून रथ फिरविला ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्या पिंजऱ्याचा एक चांगला वंशज म्हणजे पांजरपोळ. पिंजरा आणि पोळ, म्हणजे बंदिस्त वस्ती, मिळून झालेला हा गुजराती जोडशब्द. तेथे कोंडतात ते मारण्यासाठी नव्हे, जगविण्यासाठी. सोळाव्या शतकात राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतेत लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी रुग्णालये असल्याचे लिहून ठेवले. मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून १८३२ साली दंगल झाली, त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या पारशी गृहस्थाच्या आणि अमीचंद शहांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभी राहिली. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या कोशातही ‘पिंजरापोल’ने जागा मिळविली. इंग्रजीने आपल्याला ‘लाइव्हस्टॉक’ दिला आणि आपण इंग्रजीला हा शब्द दिला.

पण पांजरपोळ दूर असते आणि गोठा घराला लागून. आमच्या घरी आजोबांच्या हातची एक बांधीव वही आहे. तीत शेतीखर्चाच्या पानावर बैलांची वैरण, पेंड, नाल यांचे आकडे आहेत. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला त्या वर्षी बैलजोडीतला धाकटा विकलेला दिसतो. थोरला ठेवला होता, तो चालण्याजोगा नव्हता. त्या वर्षानंतर वैरणीचा आकडा शेतीखर्चाच्या पानावरून नाहीसा होतो. तो कोठे गेला हे मला बरेच दिवस उमगले नव्हते. पुढे केव्हातरी पाने उलटताना सापडला. मंदिराची वर्गणी, त्यागी-मुनींचा आहार, पर्युषणातले दान यांच्या खाली, धर्मादायाच्या पानावर ‘थोरल्याची वैरण’ अशी ओळ आहे, आणि ती सहा वर्षे आहे.